चिकटवण्याआधी ‘चावा’ म्हणायचं नाही

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. दुपारी चारला चहा येतो, कोणीतरी म्हणतं, “अरे, आज काय झालं माहितीये का?” आणि झालं! चहा गार होतो, बाहेर पेशंट घड्याळ बघत बसतात आणि आत आमची मैफल रंगते. एक किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला तिसरा आठवलेला असतो.

मी पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजात शिकवते. तुटलेल्या, झिजलेल्या दातांवर कॅप बसवणं हे आमचं काम. आणि त्यातही माझा जीव अडकलाय तो कॅपखाली जाणाऱ्या सिमेंटमध्ये. हो, सिमेंटच म्हणतात त्याला! वारज्याला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे एकदा बोलून बसले, तर चौथ्या मजल्यावरचे काका शांतपणे म्हणाले, “मग गच्ची कधी बघायला येताय?”

हसा खुशाल. पण विचार करा, नखाएवढी ती कॅप, तिच्याखाली कागदाएवढा सिमेंटचा थर, आणि त्याच्या भरवशावर माणूस ऊस खातो, सुपारी फोडतो, बायकोवर दात ओठ खातो. कुठलं सिमेंट घातलं यावर ती सिरॅमिकची कॅप वर्षानुवर्षं टिकणार की भाकरीच्या पहिल्या तुकड्याला रामराम म्हणणार, हे ठरतं. इतकी वर्षं झाली, पण माझं आश्चर्य काही संपत नाही. उलट वाढतच चाललंय!

*

सुरुवात काळे सरांपासूनच करायला हवी. सर रिटायर होऊनही रोज येतात. बोलणं मोजकं, आणि जे बोलतील ते समोरच्याला घरी जाऊन कळतं.

सरांचं सिमेंट एकच. जुनं झिंक फॉस्फेट. जाड काचेची थंडगार पाटी, तिच्यावर पावडरच्या छोट्या छोट्या ढिगल्या, बाजूला द्रव. एक ढिगली ओढायची, पाटीभर पसरून सावकाश घोटायची, मग दुसरी. घाई केली की ते पाटीवरच तापतं आणि आळून बसतं. सर घोटत असले की अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये कोणी शिंकतसुद्धा नाही.

एकदा ऐन घोटण्यात डीन साहेब बाहेरची तपासणी समिती घेऊन दारात उभे. “काळे सर, हे पाहुणे आलेत...”

सरांनी मान वर केली नाही. “आधी सिमेंट, मग पाहुणे.”

आणि खरं सांगते, ते सुटाबुटातले पाहुणे गुमान उभे राहिले! सरांनी घोटायची पट्टी, स्पॅच्युला म्हणतात तिला, उचलली, सिमेंटची तार पाटीपासून वर आली, लांबली, अलगद तुटली. पाहुण्यांतल्या एकांनी नकळत “वा!” म्हटलं. गाण्याच्या बैठकीत म्हणतात ना, तसं.

सरांचं तत्त्व ठरलेलं. “सिमेंट फक्त फट भरतं. धरतो तो दात. दात आधी नीट घासून आकाराला आणा, कॅप कुठे पळून जात नाही.” आणि ते उगीच बोलत नव्हते बरं का! एक आजी आल्या, सरांनी त्यांच्या तरुणपणी बसवलेली कॅप तोंडात तशीच घेऊन. मी भिंगातून पाहिलं. कडेला केसभर फट नाही. मी बघतच राहिले.

आजींनी विचारलं, “अहो डॉक्टर, ही अजून किती टिकेल?”

सर म्हणाले, “आपल्यापेक्षा जास्त.”

आजी कसल्या ऐकताहेत! म्हणाल्या, “असू दे. मुलाच्या नावावर करून जाईन.”

सरांनी उठून आजींसाठी दार उघडलं.

*

अशा या सरांच्या राज्यात एक दिवस दत्तोबा आला.

खडकवासल्याच्या बाजूच्या गावातला, चाळिशीचा माणूस. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. मोटारसायकलवरून पडून वरचा समोरचा दात अर्ध्यावर तुटलेला. कुठेतरी कॅप बसवून घेतली होती, ती सुटली, म्हणून कागदात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला होता.

मी विचारलं, “सुटली कशी?”

“वरातीत सुटली बाई. ऐन वरच्या सुरावर!”

क्लॅरोनेट वाजवताना तिचं तोंड वरच्या समोरच्या दातांना टेकवून धरावं लागतं. खाली ओठ, वर दात. तिथला दात गेला की पकड गेली, आणि पकड गेली की सूर फाटतो. तर झालं असं, की वरात मंगल कार्यालयाच्या वळणावर आलेली, पोरं बेभान नाचताहेत, दत्तोबानं सूर वर नेला आणि टप्! कॅप तोंडातून बाहेर.

आता बँड थांबवला तर वरपक्ष चिडणार. मालकांनी डोळ्यांनी खूण केली, वाजवत राहा. मग ढोलवाला ढोल बडवत खाली वाकून शोधतोय, ट्रंपेटवाला गुडघ्यावर बसून वाजवत शोधतोय, दत्तोबा स्वतः रांगतोय. नवरदेवाच्या मित्रांना वाटलं, ही नवीन स्टेप! तीही सगळी जमिनीवर. एकजण तर दत्तोबाच्या समोर पालथा पडून नागासारखा डोलायला लागला!

“मग सापडली कुठं?” आमची केतकी हसू आवरत म्हणाली. केतकी म्हणजे माझी पीजीची विद्यार्थिनी, तोंडानं फटकळ आणि हातानं सोनं.

“हितंच,” दत्तोबानं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. “आमच्या डिरेसला खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या असत्यात न्हवं का, त्यात अडकली व्हती. मांडव आल्यावर घावली.”

आम्ही हसून हसून बेजार. तोही हसला, पण तोंडावर हात ठेवून. मग हात तसाच ठेवून म्हणाला, “बाई, तुळशीची लग्नं झाली की आमचा हंगाम सुरू हुतो. तवर दात बसला तर बसला. न्हाईतर आण्णा म्हणलाय, तू खुळखुळा घे.”

आण्णा म्हणजे बँडचा मालक, त्याचा चुलत भाऊ. आणि बँडमध्ये खुळखुळा कोणाला देतात ठाऊक आहे ना? ज्याला आता दुसरं काही जमत नाही, पण घरचा म्हणून काढवतही नाही, त्याला. दत्तोबाचे वडील याच बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. दात पडले तसा त्यांच्या हातात खुळखुळा आला. क्लॅरोनेट दत्तोबाकडे आली आणि बाप शेवटपर्यंत त्याच्या मागे दोन पावलं उभा राहून खुळखुळा हलवत राहिला.

“त्यो आवाज अजून कानात हाय माझ्या,” दत्तोबा म्हणाला.

केतकीनं न विचारताच त्याचा केस पेपर भरायला घेतला.

*

काळे सरांनी दत्तोबाचा दात पाहिला, बोटानं चाचपला आणि मला बाजूला घेतलं. “खुंट एवढासा उरलाय. माझं सिमेंट इथे धरणार नाही. धरायला दात लागतो, तो आहे कुठे? काढून टाका आणि इम्प्लांट बसवा.”

इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू. तो हाडात नीट रुजायला महिने जातात. म्हणजे हंगाम गेला, म्हणजे खुळखुळा. मी म्हटलं, “सर, पातळ सिरॅमिकची कॅप करू. आणि रेझिन सिमेंटनं चिकटवू.”

“काच?” सरांच्या भुवया वर. “क्लॅरोनेटखाली काच?”

सर त्या सिरॅमिकला काच म्हणतात, आणि काच म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना केळकर आठवतात. तो किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

ही काचेसारखी सिरॅमिकची कॅप आमच्याकडे नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. इतकी सुंदर, की उजेडात धरली तर खऱ्या दातासारखी आतून उजळते. पण हातात असताना अंड्याच्या टरफलाएवढा दम! बँकेतून रिटायर झालेले केळकर खुर्चीत. सरांनी कॅप नुसती दातावर बसवून पाहिली, अजून सिमेंट लावायचं होतं. माप अगदी चोख. सर खूश. आणि आयुष्यभर धातूच्या कॅपा बसवलेला माणूस, सवयीनं तोंडातून निघून गेलं, “छान. चावा!”

केळकर आज्ञाधारक. चावले. कट्ट!

केळकरांनी तोंडातून दोन तुकडे काढले, सरांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “अजून काही चावायचंय का?”

सर लालबुंद. पण मोठा माणूस हो! तिथल्या तिथे सगळ्या विद्यार्थ्यांसमोर केळकरांची माफी मागितली, आणि बाहेर येऊन नियम केला. सिरॅमिकची कॅप चिकटवण्याआधी या डिपार्टमेंटमध्ये ‘चावा’ हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्यानं सगळ्यांना खारी आणायची. तेव्हापासून कॅप बसवून बघायची वेळ आली की आमच्याकडे सगळे मुके. खाणाखुणा चालतात, भुवया चालतात. शब्द नाही.

पण किस्सा पुढेच आहे. केळकरांसाठी दुसरी कॅप केली. तेच सिरॅमिक, तीच जाडी, शनिवार पेठेतल्या आमच्या शाळिग्रामकाकांच्या लॅबमधलीच. फक्त या वेळी ती रेझिननं चिकटवली. आतली बाजू ॲसिडनं किंचित खरबरीत करायची, वर एक द्रव फिरवायचा, दातही तसाच तयार करायचा, आणि मग रेझिन, म्हणजे निळ्या उजेडात घट्ट होणारं चिकट सिमेंट. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात, तडा निघतो तो तिथून. रेझिन त्या ओरखड्यांत शिरून बसतं. मग कॅप वेगळी आणि दात वेगळा राहतच नाही, दोघं मिळून भार घेतात.

केळकर आजही दरवर्षी तपासायला येतात. खिशात लोणावळ्याची चिक्की! सरांच्या समोर उभं राहून कडाकडा चावतात आणि न बोलता निघून जातात. जी कॅप एका “चावा”नं दुभंगली, तसलीच कॅप खाली रेझिन आल्यावर चिक्कीला दाद देत नाही. मला सांगा, याला काय म्हणायचं? मी तर दर वर्षी त्या माणसाच्या तोंडाकडे देवळात बघावं तशी बघते.

*

“केळकर चिक्की खातात. वाजवत नाहीत,” सर म्हणाले. दत्तोबाच्या बाबतीत ते काही ऐकेनात.

केतकी मधेच म्हणाली, “सर, मग मोडूनच बघूया ना!”

तिच्या थिसिससाठी ती एका इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन कॅपा मोडत होती. काढून टाकलेले दात, त्यांवर कॅपा, वेगवेगळी सिमेंट, आणि वरून दाब देणारं दोन मजली उंचीचं वाटावं असं धूड. सर म्हणाले, “चला.” आणि आम्ही तिघं रिक्षात. केतकीच्या मांडीवर डबा. रिक्षावाल्यानं विचारलं, “डब्यात काय, लाडू?” केतकी म्हणाली, “दात.” त्यानंतर त्यानं आरशातसुद्धा पाहिलं नाही.

मशिनवर सावंत नावाचे गृहस्थ. त्यांना सळया आणि काँक्रीटचे ठोकळे मोडायची सवय. आमचा दात बघून म्हणाले, “मॅडम, हा कुठं ठेवू? मशिनला दिसायला तरी पाहिजे!”

पहिली कॅप, साध्या सिमेंटवर बसवलेली. सावंतांनी बटण दाबलं. स्क्रीनवरची रेघ चढायला लागली न लागली तोच टक्! कॅपचे तुकडे, दात तसाच. सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, बघा, काच ती काच.

दुसरी. तशीच कॅप, रेझिनवर. रेघ चढली. पहिलीची जागा ओलांडली. चढतच राहिली. केतकीनं कानांवर हात ठेवले. सावंत खुर्चीतून अर्धे उठले. रेघ अजून चढतेय! आणि मग असा आवाज झाला, की शेजारच्या हॉलमधली दोन मुलं धावत आली.

कॅप मोडली होती, पण एकटी नाही. दातासकट मोडली होती. जिथे दात संपतो आणि कॅप सुरू होते तो सांधा मात्र तुकड्यात जसाच्या तसा! नख घालून बघितलं, निघेना.

सावंत म्हणाले, “आयला! मॅडम, मी इथं पुलाच्या सळया तोडल्यात. पण ह्याला नमस्कार.” आणि खरंच केला.

केतकीनं तिसरी ठेवली, झिर्कोनिया नावाच्या वेगळ्या सिरॅमिकची. ती सगळ्यांत चिवट, साध्या सिमेंटवरसुद्धा ढिम्म हलेना. खाली काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणंच नाही. सर पहिल्यांदा हसले. “ही माझ्यासारखी आहे. मग दत्तोबाला हीच का नको?”

“सर, ही तुटणार नाही. पण एवढ्याशा खुंटावरून सुटेल,” केतकी म्हणाली. “ॲसिड हिला चाटूनही जात नाही. दाताला घट्ट जोडून घेणं हिच्या स्वभावात नाही.”

“हं. म्हणजे खरंच माझ्यासारखी.”

सरांनी तो दुसरा, दातासकट मोडलेला तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “विलक्षण आहे हो.” सरांच्या तोंडून हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. परतताना तो तुकडा सरांच्या मुठीत होता. कॉलेजच्या गेटवर उतरले आणि म्हणाले, “त्या माणसाला खुळखुळा नकोय ना? बसवा काच.”

*

रेझिनचं एक मात्र आहे. नखरा भयंकर! चिकटवताना लाळेचा एक थेंब लागला की सगळं मुसळ केरात. म्हणून तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतो आम्ही, त्यातून फक्त दात बाहेर. पेशंटनं गप्प पडून राहायचं. आता पुण्यात पेशंटला गप्प बसवायचं म्हणजे!

शनिवार पेठेतल्या एक वहिनी होत्या. पडदा लावेपर्यंत सुनेची गोष्ट सांगत होत्या. “मी तिला इतकंच म्हटलं, हे बघ बाई...” इथे मी पडदा लावला. पुढे हातवारे सुरू. पंखा कमी कर, दिवा तिरका कर, त्या मुलीला म्हणावं केस बांध. सगळं हातानं! मी कॅप चिकटवली, दिवा दाखवला, पडदा काढला.

वहिनी म्हणाल्या, “...आमटीत गूळ घालायचा नसेल तर तिला आमटी म्हणू नकोस.”

वाक्य तिथूनच पुढे! सर लांबून बघत होते. म्हणाले, “त्या रेझिनपेक्षा यांची पकड चांगली आहे.”

आणि दत्तोबाचा दिवस उजाडला तेव्हा आम्हाला धास्ती तीच होती. माणूस घाबरलेला, धाप लागणार, तोंड हलणार, लाळ येणार. पडदा लावला. दत्तोबानं डोळे मिटले आणि नाकानं एक श्वास घेतला. लांब, लांब, संपेचना! मग तितकाच सावकाश सोडला. हलणं नाही, गिळणं नाही. केतकी घाबरून माझ्या कानाशी आली, “मॅडम, श्वास चालूये ना यांचा?”

अगं, उभा जन्म फुंकण्यात गेलाय त्याचा! असा पेशंट मी पाहिला नाही. खुर्चीत जणू कोणी तंबोरा आडवा ठेवलाय.

शाळिग्रामकाकांनी कॅप कापसात ठेवून पाठवली होती. केतकीनं चिमट्यात धरून उजेडात नेली. आरपार दिसतंय, असा भास व्हावा इतकी नाजूक. दातावर नुसती बसवून पाहिली. चोख. आम्ही सगळे मुके. भुवया वर, माना हलल्या, ठीक. काढली, ॲसिड, पाणी, तो द्रव, रेझिन. आता कॅप दातावर दाबून अजिबात न हलवता धरायची आणि निळा दिवा दाखवायचा.

मी बोट पुढे केलं, तर मागून आवाज आला, “मी धरतो.”

काळे सर हात धुऊन, हातमोजे घालून उभे होते. ज्यांनी जन्मभर सांगितलं की सिमेंट काही धरत नाही, ते त्या कॅपवर बोट ठेवून उभे राहिले. दिवा पेटला. दिवा विझला. सरांनी बोट मात्र त्यानंतरही बराच वेळ काढलं नाही. मला एकदम भरून आलं, मास्क होता म्हणून बरं!

दत्तोबाला सांगितलं, आज काही कडक खाऊ नका, वाजवू नका. उद्या क्लॅरोनेट घेऊन या, इथेच बघू.

*

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काळी पेटी. आणि मागे आण्णा, बँडचे मालक. अगडबंब देह, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी.

आण्णा वाईट नव्हते हो. हंगामाच्या सुपाऱ्या घेतलेल्या, वरातीत पुन्हा दात उडाला तर बँडचं नाव जाणार. त्यांना आजच ठरवायचं होतं, या वर्षी क्लॅरोनेट कोणाच्या हातात. “डाक्टरीणबाई, तुमच्यासमोरच बघतो,” ते म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले. पिशवीत खुळ्ळ वाजलं.

सगळ्यांना ऐकू गेलं. दत्तोबाच्या बापाचा खुळखुळा. आणलेलाच होता बरोबर, जर लागलाच तर.

दत्तोबानं पिशवीकडे पाहिलं नाही. पेटी उघडली, तुकडे एकात एक बसवले, पत्ती जिभेनं ओली केली. क्लॅरोनेट तोंडाशी नेली. खालचा ओठ लागला. वरचे दात मात्र वरच थांबले. टेकवेचना! माझ्याकडे बघून क्लॅरोनेटच्या बाजूनं पुटपुटला, “बाई... टेकवू?”

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. कॅप चिकटलेली, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं, मशिनवर बघितलेलं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेली. केतकी माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. बाजूच्या खुर्च्यांमधले पेशंट गळ्यात रुमाल घेऊन उठून उभे राहिलेले.

“दत्तोबा,” मागून काळे सर म्हणाले, “चावा.”

तो चावला.

आवाज झाला नाही. मग खालून एक सूर आला. जाड, गरम, हळूहळू अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये पसरणारा. दत्तोबाचे डोळे मिटलेले. सूर वर चढायला लागला. केतकीनं माझा दंड घट्ट धरला. मला कळलं, हा मुद्दाम त्याच चालीवर चाललाय, त्या वळणावर वाजवत होता त्याच. अजून वर. ट्रेमधल्या काचेच्या बाटल्या किणकिणायला लागल्या. आता ती जागा. मी डोळे मिटून घेतले.

सूर तिथे पोचला. आणि थांबला. तिथेच उभा राहिला, केवढा तरी वेळ, हलेना!

मी डोळे उघडले तेव्हा दत्तोबाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बोटं पळत होती. आण्णांनी पिशवीत हात घातला. खुळखुळा बाहेर काढला. जुना, रंग उडालेला. क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले.

मग ते चालत दत्तोबाच्या मागे गेले, दोन पावलं अंतर ठेवून उभे राहिले आणि हात वर केला.

“वाजव दत्त्या,” आण्णा म्हणाले. “ठेका मी धरतो.”